आज कोनतं इमान बरं?

ज्या जिल्ह्यात विमानतळ नाही, तिथे विमानाचे किस्से जास्त, असं माझं अनुभवाचं मत आहे. विमानतळाशेजारी राहणाऱ्याला उशीर झाला तर तो घरी जाऊन चहा पिऊन येतो. आमच्या माणसाला आधी समृद्धी महामार्ग, मग नागपूरची गर्दी, मग बॅगा तपासणारी रांग, आणि एवढं करून आत पोचला की समोर पाटी: विमान उशिरा! याचा किस्सा नाही होणार तर काय होणार? तो परत येतो, आमच्या बाकावर बसतो, एक चहा पितो आणि किस्सा तिथेच सोडून जातो. पावसाळ्यात दुकानात विसरलेल्या छत्र्या साठतात ना, तसे हे साठलेत.

आमचं दुकान मालेगावला, बसस्टँडसमोर. मालेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं. नाशिककडचं वेगळं. हे लोकांना सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय! रेल्वे, विमान, ट्रॅव्हल्स, सगळी तिकिटं आम्ही काढतो. आम्ही म्हणजे तिघं. मी वर्षा, दुकान माझं. दुसरे रफिकभाई, त्यांची पांढरी गाडी दुकानासमोरच उभी असते, नागपूरला सोडणं-आणणं त्यांच्याकडे. तिसरे कंट्रोलर काका. हे एसटीत कंट्रोलर होते. गाडी कोणत्या फलाटावर लागणार, हे भोंग्यातून सांगण्यात त्यांची नोकरी झाली. रिटायर झाल्यावर घरात करमेना, म्हणून रोज माझ्या बाकावर येऊन बसतात. पगार नाही, पण अधिकार पूर्ण!

*

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, कोणत्या टायमाचं काढू? लेट नाही झालं पाहिजे!"

मी सांगायची, सकाळचं पहिलं. एकच विमान दिवसभर गावोगाव फिरत असतं, सकाळचा थोडा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो, वगैरे वगैरे. मी मोबाइलवर दाखवायची, कागदावर बाण काढायची. समोरचा मान हलवायचा आणि म्हणायचा, "मंग दुपारचं काढू का?"

एक दिवस काका बाकावरून उठले. "कायले डोकं खाता पोरीचं? तुमच्या गावात मुक्कामी गाडी येते का नाही? रातच्याले येते, तथीच झोपते, सकायी टायमावर सुटते. तिले कोनाचीच वाट पाहाची नसते. दुपारची गाडी चार गावं फिरून येते अन् हरेक गाव तिचा टाइम खाते. संध्याकायची तं देवाच्या हवाली! इमानाचंबी तसंच हाय. मुक्कामी पकडा, बाप्पा!"

त्या दिवसापासून आमच्या भागात पहिल्या फ्लाइटचं नाव 'मुक्कामी विमान' पडलं. लोक फोन करून विचारतात, "मुक्कामीची एक सीट हाय का?"

पण मुक्कामी म्हटलं की बाकीचंही आलंच! धनजच्या शांताकाकू पुण्याला लेकीकडे चालल्या होत्या. आयुष्यातलं पहिलं विमान. त्यांच्या गावात मुक्कामी एसटी यायची तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण आळीपाळीने घरोघरचं असायचं. काकूंनी दोन डबे भरले. एक स्वतःचा, एक पायलटचा! भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. विमानात बसल्या बसल्या हवाईसुंदरीच्या हातात दिला. "डायवरसायबाले द्या. रातभर थांबले बिचारे."

हे सगळं काकू मला पुण्यातून फोनवर सांगत होत्या. मी घाईने म्हटलं, "काकू, घेतला का हो त्यांनी?"

"घेतला ना! उतरताना डायवर सोता बाहेर आली. पोरगीच हाय वो! डबा धुऊन देला, अन् रिकामा नाई, आत दोन चॉकलेटं ठेवले. माह्या सुनेले एवढी अक्कल नाई!"

*

आता नामदेवचं सांगते. कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

नामदेव केनवडचा. मेथी, कोथिंबीर, वांगी करतो. पस्तिशीचा उंच, हसरा माणूस. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा वाशिमला डायलिसिस. आईची किडनी जुळत नव्हती, बायकोचीही नाही. मेव्हणा मुंबईला, म्हणून तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात त्याने नाव नोंदवलं. म्हणजे कुणी माणूस गेला, त्याच्या घरच्यांनी दान केलं, आणि नंबर लागला, की फोन येणार. फोन आला की सांगितलेल्या वेळेत मुंबईत पोचायचं. नाही पोचला तर यादीतला पुढचा माणूस.

फोन कधी येईल? आज, उद्या, दिवाळीला, कधीही.

म्हणून नामदेव रोज सकाळी मला फोन करायचा. रोज! एकच प्रश्न. "ताई, आज कोनतं इमान बरं?"

मी नागपूर-मुंबईची सगळी विमानं बघून ठेवायची. उन्हाळ्यात सांगायची, दुपारनंतर वादळी हवा असते, सकाळचंच. थंडीत उलटं. धुकं पडलं की मुक्कामी विमानसुद्धा उठत नाही, मग मधलं सांगायची. आणि दिल्लीहून येणारं असेल तर त्याच्यावर भरवसा नको, तिकडचं धुकं ते पाठीवर घेऊन येतं. तो सगळं ऐकून घ्यायचा. "बरं हाय," म्हणायचा आणि मेथी खुडायला जायचा.

एकदा दुकानात आला होता. चेहरा सुजलेला, पाण्याचे घोट मोजून पीत होता. म्हणाला, "ताई, खरं सांगू? मी रोज कोनाच्या तरी मरनाची वाट पाहून राह्यलो. इमानाचा टाइम इचारतो न्, तवा मले सोताचीच लाज वाटते."

काका चिडून म्हणाले, "येड्यावानी बोलू नको. तू गाडीची वाट पाहून राह्यला. गाडी कोनामुळं सुटली, हे प्याशिंजरनं इचाराचं नसते!"

*

शिरपूरला जुनं जैन मंदिर आहे, तिकडे मुंबईहून यात्रेकरू येतात. परतीचं तिकीट कधी कधी आमच्याकडे. एक आजी नातवासोबत आल्या होत्या. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, हा त्यांचा नेम. नातवाने माझं न ऐकता दुपारचं उशिराचं विमान काढायला लावलं. "दिवस असतानाच पोचतो ना मॅडम!"

पोचते कुठली! विमान धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं. पट्टे बांधलेले, उठायची परवानगी नाही, खाखऱ्याचा डबा आणि पाणी डोक्यावरच्या कप्प्यात. "दोन मिनिटांत निघतोय," असं सारखं सांगताहेत. नातू खिडकीतून सूर्याकडे बघतोय आणि मला मेसेज पाठवतोय. मॅडम, लाल झाला. मॅडम, अर्धा गेला. इकडे दुकानात मी पाणी प्यायचं विसरले! सूर्य गेला. आणि मग विमान हललं.

आता गंमत बघा. विमान वर चढलं, पश्चिमेला वळलं आणि गेलेला सूर्य पुन्हा दिसायला लागला! चांगला गोल, लाल. नातू उड्या मारायचाच बाकी होता. त्याने डबा काढला, बाटली उघडली. "दादी, बघा, दिवस आहे अजून! प्या लवकर!"

आजींनी सूर्याला हात जोडले. बाटलीचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं.

"बेटा, नेम मी जमिनीवर घेतला होता."

दुसऱ्या दिवसापर्यंत त्या तशाच राहिल्या. तेव्हापासून शिरपूरच्या यात्रेकरूंना मी दुपारनंतरचं तिकीट देत नाही. ते भांडले तरी नाही!

*

कंट्रोलर काका स्वतः विमानात बसले तो किस्सा वेगळाच. मुलगा हैदराबादला, त्याने बोलावलं. काकांनी अर्थातच मुक्कामी मागितलं. नेमकं त्याच दिवशी मुक्कामी बिघडलं!

माणसं काउंटरवर धावून गेली. एकाची परीक्षा, एकाचा साखरपुडा, एकजण नुसताच ओरडत होता. काउंटरवरची पोरगी रडायच्या बेतात. काकांनी थोडा वेळ बघितलं. मग पिशवी खाली ठेवली, घसा खाकरला आणि फलाटावरच्या त्याच जुन्या आवाजात सुरू झाले.

"प्रवाशांनी गर्दी करू नये! गाडी मागच्या स्टँडवरून सुटलेली आहे! थोड्याच वेळात लागत आहे! कृपया आपापल्या सामानाजवळ थांबावे!"

एका दमात सगळे गप्प! लोक चक्क आपापल्या सामानाजवळ जाऊन उभे राहिले.

मी नंतर विचारलं, "काका, खरंच सुटलं होतं का हो विमान मागच्या गावाहून?"

"हट्! मले काय मालूम? नोकरीभर हेच सांगतलं मी. 'मागच्या स्टँडवरून सुटली' म्हटलं की मानूस शांत होते. सुटली का नाई ते डायवर पाहून घेईन!"

निघताना त्या पोरीने काकांना चहा आणून दिला. हळूच म्हणाली, "काका, संध्याकाळची फ्लाइटपण लेट आहे. थांबता का?"

*

रफिकभाईंची तऱ्हा उलटी. त्यांना उशिराची एवढी धास्ती की गिऱ्हाइकाला ते चोरून नेल्यासारखं घेऊन जातात. एका नवरदेवाचं लग्नाच्या दिवशीच विमान होतं. पंगत बसलेली, नवरदेवाच्या ताटात नुकतं वरण पडलेलं. रफिकभाई मांडवात शिरले. "उठो दूल्हेराजा! वरन नागपुरातबी भेटते!" नवरी, नवरदेव, हातातला लाडू, सगळं गाडीत घातलं आणि समृद्धीवरून थेट नागपूर.

दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं, मुंडावळ्या पाहिल्या.

"भाईसाब, फ्लाइट तो शाम की है. बारात यहीं ठहरेगी क्या?"

*

आता पिशवी. नामदेवच्या आईचं नाव अंजनामावशी. केनवडहून मेथीच्या जुड्या घेऊन मालेगावच्या बाजाराला येतात, तेव्हा माझ्याकडे पाणी प्यायला थांबतात. मुहूर्ताशिवाय त्या घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. आता दवाखान्याचा फोन काय पंचांग बघून येणार आहे? तो नेमका राहुकाळात आला म्हणजे? मावशींचा जीव त्या विचाराने अर्धा झाला होता.

त्यांनी त्यावर तोड काढली. चांगला दिवस बघून नामदेवचं प्रस्थान ठेवलं. म्हणजे काय, की मुहूर्त आज आहे आणि जायचं नंतर आहे, तर प्रवासाची पिशवी आज शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. पिशवी निघाली म्हणजे माणूस निघाला. मग प्रत्यक्षात कधीही जा, वाईट वेळ लागत नाही.

पण त्यात दोन कलमं आहेत. एक, प्रस्थान तीन दिवसच चालतं, मग पिशवी पुढे हलवायची. दोन, ती परत घरी आणायची नाही. पुढेच न्यायची!

झालं. पिशवी निघाली. आधी शेजारच्या घरी. मग त्याच्या पलीकडे. मग मारुतीच्या पाराजवळ, मग शाळेमागे. निम्म्या केनवडने नामदेवची पिशवी सांभाळली. आत दोन कपडे, गोळ्या, दवाखान्याची सगळी फाइल आणि आधार कार्ड. मी मावशींना म्हटलं, "अहो, आधार कार्ड तरी घरी ठेवा. ते नसेल तर विमानतळात सोडणार नाहीत."

"सारं सोबत पाह्यजे बाई. अर्धा मानूस निंगते काय?"

आमच्या घरी आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून पंचांग नाही, मुहूर्त नाही. मला हसू आवरलं नाही. मावशींनी पदराने तोंड पुसलं, पाणी प्याल्या आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

*

शेवटचा किस्सा यंदाच्या थंडीतला.

सकाळी दुकान उघडून मी झाडत होते. बाहेर धुकं एवढं, की समोरचं बसस्टँड दिसेना. नामदेवचा फोन आला. मी सवयीने म्हटलं, "आज धुकं आहे रे, आज कोणतंच..."

"ताई, फोन आला."

माझ्या हातातून झाडू पडला.

संध्याकाळी सहाच्या आत मुंबईत हजर व्हायला सांगितलं होतं. त्याच्यासोबत आणखी एकाला बोलावून ठेवलं होतं. हा पोचला नाही तर तो.

सकाळचं विमान हातात नव्हतंच. संध्याकाळचं उपयोगाचं नाही. राहिलं एकच, दुपारचं. आणि ते दिल्लीहून येणारं! ज्याच्यावर भरवसा ठेवू नको म्हणून मी नामदेवला थंडीभर सांगत आले, नेमकं तेच. एव्हाना बाकावर येऊन बसलेले काका तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "मुक्कामी नाई ते, मुक्कामी नाई." मी तिकीट काढलं. सीट मिळाली. घाईत नाव दोनदा चुकलं.

रफिकभाई तोवर केनवडच्या रस्त्याला लागलेसुद्धा होते. धुक्यात, दिवे लावून. केनवडहून त्यांचा फोन आला. एरवी गमतीत बोलणारा माणूस, आवाज एकदम बारीक.

"वर्षाबेन, पिशवी भेटून नाई राह्यली."

"म्हणजे?"

"जिथं होती म्हनते तिथं नाई. त्याईनं शेजाऱ्याले देली. शेजारी म्हनते पुढं देली. मी अन् नामदेवची बायको घर-घर फिरून राह्यलो. शेवटच्या घरची म्हातारी म्हनते, मावशी परवाच घेऊन गेली."

"मावशी कुठे आहेत?"

"शिरपूरच्या बाजारात, भाजी घेऊन. फोन उचलूनच नाई राह्यल्या."

मी खुर्चीत बसले. नामदेवकडे बटणांचा साधा फोन, त्यात आधारचा फोटोही नाही. फाइल नाही, गोळ्या नाहीत. एवढे महिने मी विमानं बघितली, हवा बघितली, धुकं बघितलं. आणि अडलं कशावर? कापडी पिशवीवर! मला मावशींचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"रफिकभाई, शोधू नका. नामदेवला घेऊन मालेगावला या. बाकीचं मी बघते."

काय बघणार होते, मला ठाऊक नव्हतं.

शिरपूरच्या बाजाराजवळ माझ्या ओळखीचा एक टपरीवाला आहे. त्याला फोन लावला. "धावत जा. मेथी विकणाऱ्या केनवडच्या अंजनामावशी, हिरवं लुगडं असेल नाहीतर निळं, पण मोठ्याने बोलतात. फोन त्यांच्या हातात दे!" तो पळत सुटला. मला फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता, बाजाराचा गलका ऐकू येत होता. इकडे गाडी येऊन दुकानासमोर थांबली. नामदेव मागच्या सीटवर, शाल गुंडाळून. माझ्याकडे बघून हसला.

"हॅलो! कोन?"

"मावशी, मी वर्षा. नामदेवला फोन आलाय, दवाखान्याचा. पिशवी कुठे आहे?"

मावशी रडक्या आवाजात म्हणाल्या, "तुह्याच जवळ हाय ना माय! परवाच्या बाजारी ठेवली नाई का म्या, तुह्या टेबलाखाली? 'जरा राहू दे, येतो' म्हटलं होतं."

मी खाली बघितलं. परवापासून मी ज्या पिशवीवर पाय ठेवून बसत होते, ती! मला वाटलं, त्यात भाजी असेल. आत्तासुद्धा माझे दोन्ही पाय तिच्यावर होते.

"मावशी! मला सांगायचं तरी!"

"सांगतलं असतं तं तू हासली असती. दर तिसऱ्या दिवशी हालवून हालवून मी थकली होती माय. मंग म्हटलं, वर्षाच्या घरी मुहूर्त नाई, राहुकाय नाई, तिच्या इथं कोनताच टाइम वाईट नसते. तिच्याजवळ ठेवली तं हालवाचं कामच नाई!"

काकांनी पिशवी उचलली आणि गाडीकडे धावले. त्यांना धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गाडी समृद्धीला लागली. पण केनवडच्या शोधाशोधीत भरपूर वेळ गेला होता. मी हिशोब केला, पुन्हा केला. नागपूरला पोचेपर्यंत विमानाचं दार बंद होणार होतं. स्पष्ट दिसत होतं. काकांना सांगायची हिंमत होईना, पण त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. गिऱ्हाईक आलं, त्याला म्हटलं उद्या या.

तेवढ्यात मोबाइल वाजला. मेसेज. विमान उशिरा!

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. उशीर! आमच्या दुकानाच्या इतिहासात उशिराच्या बातमीवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. काका तर उभे राहून म्हणाले, "होऊ दे! आखीन होऊ दे!"

थोड्या वेळाने दुसरा मेसेज. आणखी उशीर. आता नामदेवला विमान मिळणार, हे नक्की झालं. आम्ही चहा मागवला.

चहा येईपर्यंत तिसरा मेसेज. अजून उशीर.

आता मात्र मी पुन्हा हिशोबाला लागले. काका खाली बसले. सहाच्या आत पोचायचं होतं. उशीर हवा होता, पण एवढा नको होता! मी आयुष्यात कुठल्या देवाला काही मागितलेलं नाही. त्या दिवशी मनात नुसतं म्हणत होते, आता बास, आता बास.

रफिकभाईंचा फोन आला. नामदेव आत गेला, पिशवी घेऊन. आधार कार्ड बघितलं, सोडलं. आता आत बसलाय, आणि विमानाचा पत्ता नाही.

माझा मोबाइल काकांच्या हातात होता. मला स्क्रीनकडे बघवेना. मी दाराकडे तोंड करून उभी राहिले. मागून काकांचा आवाज आला, हळू, पण तोच जुना भोंग्यातला.

"मागच्या स्टँडवरून सुटलेली हाय."

मी वळले नाही. "काका, आज तरी खरं सांगा."

काका उठून आले आणि मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. नकाशावर दिल्लीच्या खाली एक एवढंसं पिवळं विमान होतं. बघता बघता ते केसभर पुढे सरकलं.

ते नागपूरला आलं, नामदेवला घेऊन गेलं. मुंबईला उतरलं तेव्हा सहा व्हायला फार वेळ नव्हता. मग फोन नाही. कुणाचाच नाही. अंजनामावशी शिरपूरहून थेट दुकानात आल्या होत्या, रिकामी टोपली मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. शेवटी मेव्हण्याचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"पोचला ताई. तपासण्या जुळल्या. आत घेतलं."

मावशींनी टोपली खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. मी रडले. काका बाहेर जाऊन बसस्टँडकडे बघत उभे राहिले, बराच वेळ. त्यानंतर पाच-सहा दिवस ते दुकानात फार कमी बोलले, आणि हे कधी घडत नाही!

नंतर सकाळचा फोन बंद झाला. दुकान उघडलं की माझा हात आपोआप मोबाइलकडे जायचा, नागपूर-मुंबई बघायचा, आणि मग आठवायचं की आज कुणी विचारणार नाही.

होळी झाली, पाडवा झाला. एक दिवस सकाळी फोन वाजला. नामदेव! आवाज भरलेला, ठणठणीत. डॉक्टरांनी गावी जायची परवानगी दिली होती.

मला काय करू आणि काय नको असं झालं. म्हटलं, "थांब, मी बघते. उन्हाळा लागलाय, दुपारनंतरचं नकोच. सकाळचं पहिलं काढते. मुक्कामी! अजिबात लेट होणार नाही."

नामदेव हसला. मनापासून, मोठ्याने.

"कोनतंबी काढा ना वो ताई. आता उशीर झाला तं झाला!"